देवकुंडाच्या अलीकडे

त्या डिसेंबरात अब्बा एकच बॅग घेऊन आले. सत्तावीस वर्षं ते गल्फमध्ये टँकर चालवत होते. गोड्या पाण्याचा टँकर, शहराबाहेरच्या मजुरांच्या वस्त्यांना पाणी पोचवायचं काम. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा मिळायची, तीही थंडीत. पावसाळ्यात विमानाची तिकिटं महाग असायची, म्हणून आमच्या घराने अब्बांना पावसात कधी बघितलंच नाही. दर खेपेला दोरीने आवळलेली खोकी यायची, त्यात ब्लँकेटं, दुधाची पावडर, अत्तराच्या बाटल्या. या वेळी काहीच नव्हतं. अम्मीने दारात बघितलं, मग त्यांच्या मागे बघितलं.

"आता इकडे सगळं मिळतं," अब्बा म्हणाले.

अम्मीने बॅग उचलून आत नेली.

आमचं गाव मुरूडच्या खाली, खाडीच्या काठाला आहे. मी त्यांची एकुलती एक मुलगी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, आणि माझ्या आठवणीत अब्बा जेवढे दिवस घरात राहिले होते ते सगळे एकत्र केले तरी अडीच वर्षं भरली नसती. आमच्यात भांडण नव्हतं, अबोला नव्हता, पण बोलायला फारसं काही नसायचं. फोनवर ते विचारायचे, "शाळा कशी हाय? अम्मीची तबियत?" मी म्हणायचे, "बरी आहे." रजेवर आले की हेच दोन प्रश्न समोरासमोर विचारायचे.

येऊन चार दिवस झाले असतील. दुपारी जेवताना ते एकदम म्हणाले, "मला देवकुंडचा धबधबा बघायचाय."

मी आणि अम्मी एकमेकींकडे बघायला लागलो. फिरायला जायचं हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकले नव्हते. रजा म्हणजे ज्यांच्या मयतीला जाता आलं नव्हतं त्यांच्या घरी जाणं, कुणाचं लग्न, बँक, गळणारं छप्पर, अम्मीच्या गुडघ्याचा डॉक्टर. त्यात दोन महिने संपायचे.

"आत्ता कुठला धबधबा?" अम्मी म्हणाली. "तो पावसात बघायचा."

"त्याला बारमाही पाणी असतं," अब्बा म्हणाले. कुठून तरी ही माहिती त्यांनी काढून ठेवली होती.

मग हळूहळू कळलं. त्यांच्या खोलीत सहा जण राहायचे. त्यातल्या केरळच्या एका माणसाने कधीतरी मोबाइलवर या धबधब्याचा व्हिडिओ लावला आणि खाली रायगड लिहिलेलं वाचून अब्बांना विचारलं, हे तुमच्याकडचं ना? कसं आहे तिथे? अब्बांना सांगता येईना. पुढे हा त्या खोलीतला गमतीचा विषय झाला. उन्हात भाजून आले की कुणीतरी तो व्हिडिओ लावायचं आणि म्हणायचं, चला, चाचांच्या गावचं पाणी बघूया.

"माझ्या जिल्ह्यातला धबधबा," अब्बा म्हणाले, "आणि मी त्यांच्याबरोबर मोबाइलवर बघतो. शरम वाटायची."

अम्मीचे गुडघे चालणारे नव्हते, त्यामुळे ती येणार नव्हती. नाताळच्या सुट्टीतला एक दिवस ठरवून आम्ही दोघंच सकाळी सहाला निघालो. गाडी माझी होती, जुनीच घेतलेली. अब्बांनी आयुष्यभर स्टिअरिंग धरलं, पण त्या दिवशी ते मुकाट्याने डाव्या बाजूला बसले. तळा गावच्या वळणांवर त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता, ते मी बघत होते. पायात सँडल होती आणि सँडलचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेला होता. घरून निघताना ते बूट घालायला बसले होते आणि मग न घालताच उठले होते. मला वाटलं, वयाने पाय जाड होत असतील.

"गाडी चांगली चालवतेस," इंदापूरला महामार्ग आला तेव्हा ते म्हणाले. "कोणी शिकवली?"

"मुरूडला क्लास लावला होता."

"हां," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. भात कापलेल्या शेतांत वाल फुलला होता, त्यावर धुकं होतं.

माणगाव, निजामपूर करत भिऱ्याला पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. धबधबा तिथून पायी दोन तासांवर, आणि वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो. आमच्या वाट्याला आले ते गावातले एक शेतकरी, अब्बांच्याच वयाचे. डोक्याला मफलर, खांद्यावर टॉवेल, पायात रबरी चपला. भाताची कामं आटोपली की थंडीभर ते हेच काम करायचे. त्यांनी अब्बांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"भाई, वाट लांब हाय. जमंल नं?"

"बसून बसून नोकरी केली," अब्बा हसले, "पण जमेल."

धरणाच्या पाण्याच्या कडेने पहिला तासभर वाट सपाट होती. तरी अब्बा तीनदा थांबले. थांबले की कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघायचे, जणू देखावा बघायलाच थांबलेत. मी बाटली पुढे केली की झाकणात घोटभर ओतून ओठ ओले करायचे आणि परत द्यायचे.

"नीट प्या ना," मी म्हटलं.

"सवय नाय," ते म्हणाले.

पाणी वाहायची नोकरी करून पाणी प्यायची सवय नाही, हे मला विचित्र वाटलं. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. मागून येणारी कॉलेजची पोरं आमच्या पुढे निघून जात होती आणि मला वाटत होतं, यांनी निदान बूट घालायला हवे होते. असं वाटल्याचं मला अजून आठवतं.

जंगल लागलं तसे ते आणखी हळू झाले. एका ओढ्यातून दगडांवरून जायचं होतं. वाटाड्यांनी हात दिला, आणि पलीकडे गेल्यावर अब्बांनी तो हात सोडला नाही. तसेच दोघं पुढे चालत राहिले, मी मागून. वाटाडे त्यांना विचारत होते, तिकडे ऊन किती, पगार वेळेवर होतो का, जेवायला काय मिळतं. मग म्हणाले, "मीबी पासपोर्ट काढला होता एकदा. भावकीतला एक जन नेनार होता. मग आई म्हनाली, लावनी कोन करंल? ऱ्हायलं."

"बरं झालं," अब्बा म्हणाले.

शेवटचा टप्पा खडकाळ चढाचा होता. तिथे पोचलो तेव्हा धबधब्याचा आवाज ऐकू येत होता. झाडांमुळे दिसत काहीच नव्हतं, पण आवाज स्पष्ट होता, सारखा, जाड. अब्बा एका सपाट दगडावर बसले. त्यांचा श्वास भात्यासारखा चालला होता, आणि चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता.

"अजून किती?" मी वाटाड्यांना विचारलं.

"तुमच्या पायानं अर्धा तास." अब्बांचं त्यांनी सांगितलं नाही.

मी म्हटलं, "अब्बा, आपण परत फिरू. राहू दे."

"तू जाऊन ये."

"तुम्हाला बघायचा होता. मी एकटी जाऊन काय करू?"

त्यांचा आवाज चढला. आयुष्यात दोन-तीनदाच मी त्यांना रागावलेलं बघितलंय. "इथवर आलो, तर एकाने तरी बघितला पाहिजे की नाय? मी बसतो भाऊंबरोबर. जा."

पनवेलकडचं एक कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुली, त्यांच्या वाटाड्याबरोबर वर निघालं होतं. आमच्या वाटाड्यांनी मला त्यांच्याबरोबर लावून दिलं. "निवांत जा, ताई. मी हाय भाईंपाशी."

मी गेले. वळणावरून मागे बघितलं तेव्हा अब्बा सँडल काढत होते.

वर जाताना मी चिडलेले होते. एवढं पेट्रोल जाळून, सुट्टीचा दिवस घालवून मी अनोळखी लोकांबरोबर चालले होते. पण शेवटचा मोठा खडक चढून पलीकडे गेले आणि चीड कुठल्या कुठे गेली. तिन्ही बाजूंनी काळा कडा, आणि वरून तीन धारा सुटलेल्या. पावसाळ्यातल्यासारख्या गढूळ आणि आडदांड नाहीत, तर पांढऱ्या, बारीक, खालपर्यंत येता येता भुकटी होणाऱ्या. खाली हिरवंगार कुंड. ऊन नुकतंच कड्यावरून आत उतरलं होतं, त्यामुळे पाण्याच्या भुकटीत रंग दिसत होते आणि वाऱ्याबरोबर ते इकडून तिकडे सरकत होते. अंगावर गार तुषार येत होते. कुंडाला दोरी लावलेली होती, आत जायला मनाई होती. पोरं दोरीच्या अलीकडे फोटो काढत होती, ओरडत होती, पण त्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नव्हतं.

मी एका दगडावर बसले आणि बघत राहिले. वीस मिनिटं, कदाचित जास्तच. इतकं सुंदर ठिकाण मी त्याआधी बघितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या वीस मिनिटांत मला अब्बांची एकदाही आठवण झाली नाही. त्या मुलींपैकी धाकटीने विचारलं, "ताई, तुमचे बाबा खाली आजारी आहेत ना?" तेव्हा मी उठले.

आजारी. तो शब्द मला एका परक्या मुलीने दिला.

उतरताना मी घाई केली, घोटा मुरगळता मुरगळता वाचला. दगडापासून थोडं वरच, वाटेतच, आमचे वाटाडे उभे होते. ते माझी वाट बघत होते. खाली अब्बा नमाज पढत होते. दगडावर वाटाड्यांचा टॉवेल अंथरलेला होता.

"ताई, एक सांगू?" ते हळू आवाजात म्हणाले. "त्यांनी मला बजावलंय, पोरीला बोलू नका म्हनून. पन मला गप बसवंना. मलाबी लेक हाय."

"काय झालं?"

"दोन्ही किडन्या गेल्यात त्यांच्या. तिकडच्या डॉक्टरनं मशीनवर जायला सांगितलंय. पानीबी मोजून प्यायचंय. कंपनीनं पाठवून दिलं त्यांना, कायमचं. ही रजा न्हाय, ताई."

खाली अब्बा सजद्यात कपाळ टेकून उठताना दोन्ही हात दगडावर टेकवून, थांबून, मग उठत होते. मी ते बघत उभी राहिले. बॅग, सँडल, पाण्याचं झाकण, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं पंधरा दिवस. आणि त्यांनी सांगितलं कोणाला, तर ज्याला चार तासांपूर्वी भेटले त्याला.

नमाज संपली. त्यांनी टॉवेल झटकून, घडी घालून परत दिला. मग माझ्याकडे बघून हसले. चेहऱ्यावर उत्सुकता होती, लहान मुलाच्या असते तशी.

"बघितलास? कसा हाय?"

मला वाटलं, आता धबधबा चांगला आहे म्हटलं तर यांना किती वाईट वाटेल. मी म्हटलं, "विशेष काही नाही, अब्बा. थंडीत कुठलं पाणी असणार? बारीकशी धार आहे."

"हां?"

"हो. तुम्ही आला नाहीत तेच बरं. उगाच दमला असतात."

त्यांनी मान हलवली. चेहरा हळूहळू मिटला. "व्हिडिओमध्ये मोठा दिसायचा," ते म्हणाले. वाटाडे माझ्याकडे बघत होते. त्यांनी काही दुरुस्ती केली नाही.

माझ्या फोनमध्ये व्हिडिओ होता. अब्बांनी मागितला नाही, आणि मागितला असता तर मी काय केलं असतं कोण जाणे. मी त्यांचं दुःख कमी करायला खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलं. खरं तर त्यांना धबधबा मोठाच हवा होता. स्वतः न बघता आला तरी तो मोठा असायला हवा होता. हे मला फार उशिरा कळलं.

परतीला चार तास लागले. अर्धी वाट ते वाटाड्यांच्या खांद्यावर हात टाकून चालले. गाडीपाशी आल्यावर त्या दोघांनी हातात हात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. वाटाडे म्हणाले, "भाई, पावसात या. माझ्या घरी ऱ्हावा." अब्बा म्हणाले, "इन्शाअल्लाह."

इंदापूरला चहाला थांबलो. अब्बांनी अर्धा कप घेतला, अर्धा ठेवला. मी विचारलं, "डॉक्टरने नक्की काय सांगितलंय?"

ते कपाकडे बघत राहिले. "बोलला वाटतं तो."

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू मला इकडे आणलं असतंस काय?"

"अब्बा, परक्या माणसाला सांगता, आणि आम्हाला..."

"त्याला सांगायला सोपं गेलं," ते म्हणाले. "त्याला त्याचं काही करायचं नव्हतं. ऐकायचं होतं फक्त." मग म्हणाले, "सत्तावीस वर्षं पैसे पाठवले. आता मी येऊन तुमच्याकडून घ्यायचे. ते कसं बोलायचं?"

मी तिथे, त्या टपरीच्या बाकावर, रडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पण कसा ठेवायचा हे त्यांना ठाऊक नसल्यासारखा, बोटांनी नुसता टेकवून. बाजूचा माणूस बघायला लागला तसा त्यांनी तो काढून घेतला.

घरी गेलो तेव्हा अम्मी पडवीत बसली होती. अब्बा खुर्चीत टेकले. ती उठून त्यांच्या पायाशी बसली आणि तिने अंगठा त्यांच्या घोट्यावर दाबला. खड्डा पडला, आणि पडलेलाच राहिला. "आल्या दिवसापासून बघतेय," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हणून गप्प होते." नंतर बरेच दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. जेवण अळणी शिजवलं, पाण्याचं माप ठेवलं, गोळ्या वेळेवर दिल्या, पण बोलली नाही. एकदा मला म्हणाली, "माझ्याशी संसार केला, आणि खरं बोलले जंगलातल्या माणसाशी."

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी आत वह्या तपासत होते. बाहेर अब्बा फोनवर बोलत होते, त्या खोलीतल्या माणसांशी, तिकडच्या मोडक्यातोडक्या हिंदीत. "हां भाई, देखा. एकदम नजदीक से देखा. बेटी ले के गई. तीन धार गिरता है ऊपर से, नीचे हरा पानी. ठंडा इतना कि हाथ नहीं डाल सकते." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "अरे, व्हिडिओ में क्या दिखता है? बहुत बड़ा है. बहुत बड़ा."

वाटाड्यांनी सांगितलं असणार. मी वर गेले होते तेवढ्या वेळात अब्बांनी त्यांना सगळं विचारून घेतलं असणार. म्हणजे मी खोटं बोलत होते तेव्हा त्यांना ते कळत होतं. मी पेन खाली ठेवलं. बाहेर जाऊन सांगावंसं वाटलं की हो अब्बा, खरंच मोठा आहे, आणि उन्हात रंग दिसतात. गेले नाही. तो फोन त्यांचा होता.

त्यानंतर ते चौदा महिने होते. आठवड्यातून दोनदा अलिबागला डायलिसिस. बुधवारी अम्मी आणि शेजारचा रिक्षावाला न्यायचे, शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी न्यायचे. जाताना ते समुद्राकडे बघत बसायचे. येताना, मशीनवरून उठल्यावर, थकलेले असायचे, थंडी वाजायची, ऐन उन्हाळ्यातही शाल लागायची. पण बोलायचे मात्र येतानाच.

पहिल्यांदा ते चौलच्या वाड्यांमधून जाताना बोलले. दोन्ही बाजूंना नारळ-सुपारी, रस्त्यावर सावली. त्यांनी विचारलं, "तू पहिलीत गेलीस तेव्हा रडलीस काय?"

"मला कुठे आठवतंय?" मी म्हटलं. मग आठवलं. "नाही रडले. अम्मी रडली."

"मग? पुढे?"

मी सांगितलं. कोणत्या बाई होत्या, कुणाशेजारी बसायचे, पाटी पाणी शिंपडून पुसायचे ते. रेवदंड्याचा पूल संपेपर्यंत पहिली झाली. पुढच्या शनिवारी त्यांनी दुसरीचं विचारलं. असं करत करत आम्ही एकेक वर्ष पुढे सरकू लागलो. एकेका यत्तेला कधी दोन-तीन शनिवार लागायचे, कधी त्यांना ग्लानी असायची आणि काहीच व्हायचं नाही. मला गोवर आला ते त्यांना माहीत नव्हतं. मी विहिरीत पडता पडता वाचले ते अम्मीने कधी फोनवर सांगितलंच नव्हतं. पाचवीत मी धावण्यात पहिली आले, तो पेला अजून कपाटात होता. घरी आल्यावर त्यांनी तो काढायला लावला आणि हातात घेऊन बसले. सायकल मला मामाने शिकवली हे ऐकून ते काशिदपर्यंत समुद्राकडे बघत राहिले.

एकदा मी म्हटलं, "अब्बा, आता तुम्ही सांगा. तिकडचं."

"तिकडचं काय," ते म्हणाले. "पाणी भरायचं, पोचवायचं, परत भरायचं. सत्तावीस वर्षांत एवढंच. तुझं सांग."

दुसऱ्या फेब्रुवारीत, एका सोमवारी पहाटे, ते घरीच वारले. बुधवारपर्यंतही नाही. अम्मी शेजारी होती. माणसं जमली, मुंबईहून नातेवाईक येईपर्यंत थांबायचं का यावर बोलणी झाली, आणि दुपारच्या नमाजनंतर दफन झालं. बायका कबरस्तानात जात नाहीत. मी आणि अम्मी पडवीतून ती माणसं खाली उतरताना बघत राहिलो, वळणापर्यंत.

शनिवारी शाळा सुटल्यावर सवयीने मी गाडी अलिबागच्या रस्त्याला लावली. काशिदच्या अलीकडे ध्यानात आलं, तेव्हा बाजूला घेऊन थांबले. आम्ही आठवीपर्यंत पोचलो होतो. नववीत मी गणितात नापास झाले होते, आणि अम्मीला कळू नये म्हणून प्रगतिपुस्तकावर पालकांच्या सहीच्या जागी अब्बांची सही मीच केली होती. जुन्या पत्रावरून चार दिवस गिरवून. ते तिकडे गल्फमध्ये, तरी बाईंना संशयसुद्धा आला नाही. हे ऐकून ते हसले असते की रागावले असते, याचा मला अजून अंदाज येत नाही.